हिवाळ्यात भरतीच्या ट्रेंटवरून नॅरोबोट नेताना: आधी परतीची तारीख मोकळी करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पाच मित्र, सगळे पुण्याकडचे, नोकरीनिमित्त लेस्टर आणि लीड्सला राहता. तुमच्यातल्या एकानं 57 फुटी नॅरोबोट, म्हणजे इंग्लंडच्या अरुंद कालव्यांसाठी बांधलेली लांबट पोलादी बोट, विकत घेतली आहे. ती सध्या न्यूअर्कजवळ उभी आहे आणि तिला थॉर्नला न्यायचं आहे. नाताळच्या सुटीत 27 डिसेंबरला निघायचं, क्रॉमवेल लॉकमधून (लॉक म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारं दारांचं कुंड) भरतीच्या ट्रेंटवर, म्हणजे नदीच्या ज्या भागात समुद्राची भरती चढते तिथे, उतरायचं, कीडबीला कालव्यात शिरायचं आणि 1 जानेवारीला थॉर्नला पोचायचं, कारण 2 तारखेला सगळ्यांना कामावर हजर व्हायचं आहे. दोघांना कालव्यावर बोट चालवायची सवय आहे, नदीवर मात्र कुणीच नेलेली नाही. थंडी सोसवेल का, भरती-ओहोटी सांभाळता येईल का, आणि पहिल्याच वेळी हे करावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी ट्रेंटवर बोटीतच राहते आणि नव्या मालकांना नदीवर बोट चालवायला शिकवते. त्या अनुभवावरून सांगते: थंडीची तयारी करता येते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक तर वर्षभर आधी छापून येतं. तुमच्या बेतात मला भीती वाटते ती 2 जानेवारीची. उन्हाळ्यात ही नदी ठरल्या दिवशी जाऊ देते. हिवाळ्यात ती चार दिवस, कधी दहा दिवस थांबवून ठेवते, आणि सुटी संपत आली की पाच समजूतदार माणसंही ‘आज जरा पाणी जास्त आहे, पण जाऊ’ असं म्हणू लागतात. हिवाळ्यात ट्रेंटवर जे अडचणीत सापडतात त्यांना बहुधा घाई झालेली असते. तेव्हा तुमची बोट जाईल का, हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. थांबावं लागलं तर तुम्हाला थांबणं परवडेल का, हे आधी ठरवा.

आता कशाकशावर अवलंबून आहे ते पाहू. आधीच्या आठवड्यात डर्बीशायरमध्ये किती पाऊस पडला, तुमच्या दिवशी चंद्र कुठल्या तिथीचा आहे, बोटीचं इंजिन तासन्‌तास जोरात चालून तापतं की नाही, आणि तुमच्यापैकी कोण घाबरल्यावर गप्प होतो. यातलं एकही मला इथे बसून सांगता येणार नाही. पण ते तुम्ही कसं तपासायचं हे सांगते.

आधी पावसाचं. ट्रेंट स्टॅफर्डशायरमध्ये उगम पावते आणि सुमारे 185 मैल वाहून हंबरच्या खाडीला मिळते. वाटेत तिला डव्ह आणि डरवेंट या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांतून येणाऱ्या नद्या मिळतात, लेस्टरकडून सोअर येते. म्हणजे न्यूअर्कला लख्ख ऊन पडलेलं असलं तरी परवा डोंगरात पडलेला पाऊस आज तुमच्या बोटीखालून जात असतो. नदी चढते एक-दोन दिवसांत, उतरायला मात्र आठवडा घेते. 2024 च्या जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात हेन्क वादळानंतर नॉटिंगहॅमशायरमध्ये आणीबाणीची परिस्थिती जाहीर करावी लागली होती, इतकं ट्रेंटला पाणी आलं होतं. तुमच्या बेतातले दिवस जवळजवळ तेच आहेत. दरवर्षी तसं होतं असं नाही. पण डिसेंबर-जानेवारीत जमीन आधीच भिजलेली असते, त्यामुळे मध्यम पावसानंही नदी फुगते.

लॉकच्या तोंडाशी पाण्याची पातळी दाखवणाऱ्या हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्या असतात. हिरव्यावर जायचं. पिवळ्यावर अनुभवी माणसानं विचार करून जायचं, तुमच्यासारख्या नव्यांनी नाही. लालवर कुणीही जायचं नाही. त्यावेळी नदीवर निघालात तर विमा कंपनी हात वर करू शकते. विम्याची कागदपत्रं आजच काढा आणि भरतीच्या पाण्यावर बोट नेण्याची परवानगी त्यात आहे का ते वाचा. बऱ्याच पॉलिसींत ती वेगळी मागावी लागते. बोट भाड्यानं घेऊन हाच बेत करू पाहणाऱ्यांसाठी सांगते, बहुतेक कंपन्यांच्या करारात भरतीच्या नद्या वर्ज्य असतात, त्यामुळे तो विचार सोडलेला बरा.

पावसाइतकीच महत्त्वाची, पण सगळे विसरतात ती गोष्ट म्हणजे दुरुस्त्या. कालवे आणि लॉक सांभाळणारी संस्था, कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट, कालव्यांची मोठी कामं नोव्हेंबर ते मार्च या काळात करते. एखादं लॉक आठवडे-महिने बंद असतं. तुमच्या वाटेवरची क्रॉमवेल, टॉर्क्सी, कीडबी आणि कीडबीच्या पुढचा थॉर्नपर्यंतचा कालवा, यांतलं काही त्या यादीत नाही ना ते ट्रस्टच्या संकेतस्थळावर पाहा. कीडबीला कालवा बंद असेल तर नदीवरून तिथे पोचून तुम्ही करणार काय?

आता भरती. आपल्याकडे कोकणात तिथीला पाऊण पट केलं की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-साडेअकरा. तो हिशोब इथे चालत नाही, कारण वेळ त्या त्या किनाऱ्याच्या ठेवणीवर ठरते. पण अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती, हे इथेही तसंच आहे. घरात कालनिर्णय असेल तर 27 डिसेंबरच्या पानावर तिथी पाहा. पहिल्या खेपेला मी कुणालाही भांगाच्या आठवड्यातच नेते. उधाण असेल तर बेत पुढे ढकला. त्यासाठी दुसरं कुठलं कारण शोधायची गरज नाही.

मालवणच्या किंवा दाभोळच्या खाडीत भरती आणि ओहोटी साधारण सहा-सहा तासांची असते, तसं ट्रेंटवर नाही. समुद्राचं पाणी लांब, अरुंद, उथळ पात्रातून वर चढतं. त्यामुळे कीडबीला भरती जेमतेम तीन-एक तासांत उरकते आणि उरलेले नऊ तास ओहोटीच चालू असते. म्हणजे येणारं पाणी झपाट्यानं येतं. मोठ्या उधाणाला तर त्याची लाटच बनून वर येते, तिला इथे ईगर म्हणतात. ती कीडबीच्या वरच्या भागापासून गेन्सबरोपर्यंत जाणवते. वसंत आणि शरद ऋतूतल्या संपाताच्या उधाणांना ती जास्त मोठी असते, पण हिवाळ्यातल्या मोठ्या उधाणालाही येते. वरून पुराचं पाणी जोरात असेल तर लाट दबते. पण लाट दबली म्हणून ते पाणी बोटीसाठी चांगलं ठरत नाही, कारण मग ओहोटीला समुद्राची ओढ आणि नदीचा पूर दोन्ही एकाच दिशेनं बोट ढकलतात.

हे आकड्यांत सांगते. तुमची बोट संथ पाण्यात, इंजिनाला न छळता, ताशी पाच मैल जाईल. ओहोटी तीन मैलांची असेल तर जमिनीच्या हिशोबानं तुम्ही आठ मैलांनी चालला आहात. प्रवास पटकन होतो म्हणून सगळे खूश असतात. मग समोर लॉकचं तोंड येतं आणि तुम्हाला वळून प्रवाहाकडे तोंड करायचं असतं. आता तुम्ही फक्त दोन मैलांनी पुढे सरकता आहात. आणि प्रवाह पाच मैलांचा असेल तर सतरा-अठरा टनांची बोट पूर्ण जोर लावूनही जागच्या जागी उभी राहते. लॉक दिसतं, पण गाठता येत नाही. पट्टी हिरवी असेल तेव्हाच जा, असं मी म्हणते ते यासाठी.

वेळेचं गणित तुम्ही स्वतः करू नका. समजून घ्या, पण ठरवू नका. हिवाळ्यात या लॉकवर लॉककीपर, म्हणजे लॉक चालवणारे कर्मचारी, आधी सांगितल्याशिवाय नसतात, म्हणून किमान दोन दिवस आधी फोन करून वेळ घ्यायची. बोटीची लांबी, खोली, वेग आणि तुमचा अनुभव खरा सांगा. ‘नदीवर पहिल्यांदाच येतोय’ हे वाक्य आधी बोला. ते तुम्हाला निघायची वेळ देतील. ती वेळ म्हणजे ती वेळ. नाश्ता राहिला म्हणून वीस मिनिटं उशीर करायचा नाही, कारण समोरच्या टोकाला लॉकच्या उंबऱ्यावर पुरेसं पाणी किती वाजेपर्यंत आहे, हे त्यांनी मोजलेलं असतं. निघताना आणि पोचल्यावर दोन्ही लॉकना कळवा.

आता वाट. क्रॉमवेल ते टॉर्क्सी सुमारे 16 मैल. टॉर्क्सी ते कीडबी सुमारे 26 मैल. तुमचा बेत या दोन्ही टप्प्यांचा आहे. मी सांगेन, या खेपेला फक्त पहिला करा.

टॉर्क्सीपर्यंतचा टप्पा नवशिक्याला जमण्यासारखा आहे. ओहोटी मवाळ असते, मोठी जहाजं नसतात, योग्य वेळी निघालात तर अडीच-तीन तासांत पोचता. टॉर्क्सीला लॉकच्या खालीच तरंगता धक्का आहे, म्हणजे लॉक लगेच मिळालं नाही तरी बोट बांधून थांबता येतं. आणि लॉकच्या वर फॉसडाइक कालवा सुरू होतो. तो रोमन लोकांनी खणला असं मानलं जातं. अकरा मैलांवर लिंकन, टेकडीवर कॅथेड्रल आणि त्याच्या पायथ्याशी ब्रेफर्ड पूल, जिथे बोटी बांधतात. वाटेत सॅक्सिलबीला रेल्वे स्टेशन आहे, लिंकनला तर आहेच. कुणाला 2 तारखेला कामावर जायचं असेल तर तो गाडीत बसून न्यूअर्कमार्गे घरी जाईल, आणि बोट कालव्यात सुरक्षित राहील. तिथल्या एखाद्या मरिनात दोन महिने जागा घ्या. मार्च-एप्रिलमध्ये दिवस मोठे झाले, नदी उतरली की टॉर्क्सी ते कीडबीचा टप्पा करा. थॉर्नला बोट तीन महिने उशिरा पोचली तर कुणाचं काय बिघडतं? दोन ठिकाणचं भाडं भरावं लागेल, हे खरं. पण तो खर्च मी आनंदानं करीन.

टॉर्क्सीबद्दल आणखी एक सांगण्याचा मोह आवरत नाही. इ.स. 872-73 चा हिवाळा व्हायकिंगांच्या मोठ्या सैन्यानं याच जागी काढला होता. पुरातत्त्वज्ञांना तिथल्या शेतांत त्यांची नाणी, वजनं, खेळाच्या सोंगट्या सापडल्या आहेत. नदी ज्यांना घरच्यासारखी होती अशा दर्यावर्दी लोकांनी हिवाळा आला की मुक्काम ठोकला. मला ते दरवेळी टॉर्क्सीचं वळण दिसलं की आठवतं.

तरीही पुढचं ऐकून घ्या, म्हणजे मी दुसरा टप्पा का लांबवते आहे ते कळेल. टॉर्क्सीनंतर गेन्सबरो लागतं. तिथला दगडी पूल 1791 चा, तिथेही तरंगता धक्का आहे. पुढे वेस्ट स्टॉकविथला चेस्टरफील्ड कालव्याचं लॉक, आडव्या प्रवाहात अचूक नेम धरून शिरावं लागणारं. त्यानंतर कीडबीपर्यंत आसरा नाही. काठ मातीचे, चढे, घसरडे. बोट बांधायला जागा नाही, उतरायला जागा नाही. कीडबीच्या आसपास समुद्रातून येणारी मालवाहू जहाजं असतात. आणि कीडबीचं लॉक प्रवाहाला काटकोनात आहे. ओहोटीबरोबर येताना आधी वळून प्रवाहाकडे तोंड करायचं, इंजिनाच्या जोरावर जवळजवळ स्थिर राहायचं, मग बोट तिरकी धरून हळूहळू काठाकडे सरकू द्यायची आणि पुढचं टोक भिंतीच्या आडोशाला गेलं की जोर वाढवायचा. त्या क्षणी पुढचं टोक संथ पाण्यात आणि मागचा भाग वाहत्या पाण्यात असतो. जोर कमी पडला तर मागचा भाग खाली ओढला जातो आणि बोट लॉकच्या तोंडात आडवी होते. हे शिकता येतं, अवघड नाही. पण ते डिसेंबरच्या दुपारी साडेतीनला, बोटं बधिर झालेली असताना, पहिल्यांदाच करायचं नसतं.

साडेतीन मी उगीच म्हटलं नाही. त्या आठवड्यात इथे सूर्य सव्वाआठच्या सुमाराला उगवतो आणि चारच्या आतच मावळतो. साडेसात तासांचा उजेड. भरतीची वेळ उजेडाशी जुळेलच असं नाही. लॉककीपरनं दिलेली वेळ अशी असली की पोचता पोचता अंधार होईल, तर त्या दिवशी जायचं नाही. नॅरोबोटच्या पुढचा मोठा दिवा बोगद्यासाठी असतो, नदीवर त्यानं पाणी उजळतं आणि काठ दिसेनासा होतो. रात्री नदीवर काय होऊ शकतं त्याची खूण क्रॉमवेललाच आहे. 1975 च्या सप्टेंबरमध्ये रात्रीच्या सरावात लष्कराच्या राखीव दलाची बोट क्रॉमवेलच्या बंधाऱ्यावरून कोसळली आणि 10 जवान बुडाले. वीज गेल्यामुळे तिथले दिवे बंद होते. लॉकजवळ त्यांचं स्मारक आहे. निघण्याआधी पाचही जणांनी तिथपर्यंत चालत जाऊन या आणि बंधारा डोळ्यांनी पाहून घ्या. बोटीतून तो दिसत नाही, कारण वरच्या बाजूनं पाहिलं तर पाण्याची फक्त एक सपाट रेघ दिसते.

धुक्याचाही नियम तोच. समोरचं वळण स्पष्ट दिसत नसेल तर दोर सोडायचे नाहीत. सकाळचं धुकं अकराला उठलं तर तुमची भरती तोवर निघून गेलेली असते. मग उद्या.

आता बोट. कालव्यात वर्षानुवर्षं व्यवस्थित चाललेली बोट नदीवर पहिल्या तासात का बंद पडते? दोन कारणं मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. पहिलं, डिझेलच्या टाकीत तळाला साठलेला गाळ आणि पाणी. कालव्यात बोट हलत नाही, गाळ खाली बसून राहतो. नदीवर जहाजाच्या लाटेनं बोट डुलली की तो सगळा वर येतो आणि फिल्टर तुंबतो. ओळखीतल्या एका कुटुंबाची बोट डनहमच्या पुलाखाली अशीच बंद पडली होती. नांगर होता म्हणून बचावले. तुमच्या मित्रानं बोट नुकतीच घेतली आहे, म्हणजे टाकी शेवटची कधी साफ झाली ते कुणालाच माहीत नसणार. टाकीच्या तळाचं पाणी काढून घ्या, दोन्ही फिल्टर बदला, दोन नवे जवळ ठेवा, आणि फिल्टर बदलून डिझेलमधली हवा कशी काढायची हे काठावर असताना दोघांनी शिकून घ्या.

दुसरं कारण उष्णता. नॅरोबोटच्या इंजिनाचं गरम पाणी बोटीच्या पोलादी भिंतीला जोडलेल्या टाकीत थंड होतं, तिला स्किन टँक म्हणतात. कालव्यात इंजिन आळसात चालतं, म्हणून छोटी टाकीही पुरते. नदीवर दोन-तीन तास जोरात चालवलं की तापमान चढत जातं. चाचणी सोपी आहे. क्रॉमवेलच्या वरच्या भागात, जिथे भरती येत नाही, तिथे तासभर नदीवरच्या वेगानं चालवा आणि काट्याकडे बघत राहा. काटा स्थिर राहिला तर ठीक. चढतच राहिला तर ही बोट या हिवाळ्यात पुढे न्यायची नाही.

नांगराविना निघू नका. तुमच्या बोटीला 20-25 किलोचा डॅनफोर्थ प्रकारचा नांगर, त्याला दहा मीटर साखळी आणि पुढे तीसेक मीटर दोर. दोराचं दुसरं टोक आधीच पुढच्या मजबूत खुंट्याला बांधलेलं. नांगर पुढच्या बाजूला, मोकळा, एका माणसाला उचलून टाकता येईल असा ठेवायचा. पुष्कळ बोटींवर तो छपरावर फुलांच्या कुंड्यांमागे चकचकीत रंगवलेला असतो, त्याचा काही उपयोग नाही. इंजिन बंद पडलं तर कुणी न विचारता नांगर पाण्यात जायला हवा. त्या माणसाचं नाव आदल्या रात्रीच ठरवा. पुढच्या उघड्या भागातलं पाणी बाहेर काढणारी छिद्रं पालापाचोळ्यानं तुंबलेली नाहीत ना तेही पाहा. प्रोपेलरवरचं झाकण, ज्याला वीड हॅच म्हणतात, ते घट्ट बसलंय ना, याची हात लावून खात्री करून घ्या.

नकाशा हवाच. बोटिंग असोसिएशननं भरतीच्या ट्रेंटचे तक्ते काढलेले आहेत, त्यांत खोल पाण्याची वाट दाखवलेली आहे. ढोबळ नियम असा की वळणावर बाहेरच्या बाजूनं जायचं, आतली बाजू उथळ असते. ओहोटीत बोट वाळूवर चढली तर पाणी उतरत जातं आणि तुम्ही तिथेच बसून राहता, पुढच्या भरतीपर्यंत. हिवाळ्याची खास अडचण म्हणजे पाणी चढलेलं असलं की खरा काठ पाण्याखाली जातो आणि कुरणाच्या कडेवर आपण नदीत आहोत असं वाटतं. तुमच्यापैकी एकानं फक्त नकाशा हातात धरून प्रत्येक खूण मोठ्यानं वाचायची. सुकाणूवरच्या माणसानं नकाशा बघायचा नाही.

थंडीचं मी शेवटी घेते आहे, कारण तिच्याबद्दल तुम्ही आधीच पुष्कळ वाचलं असणार. एवढंच सांगते की हवेतली थंडी त्रास देते आणि पाण्यातली थंडी जीव घेते. नदीचं पाणी त्या दिवसांत पाच-सहा अंशांचं असतं. पडलेला माणूस पहिल्या मिनिटात धापा टाकतो, श्वासावर ताबा राहत नाही, तेवढ्यात पाणी गिळतो. ते मिनिट निभावलं तर पुढची दहाएक मिनिटं हातपाय चालतात, नंतर दोर हातात असूनही पकडता येत नाही. पोहता येतं की नाही याचा यात फारसा संबंध नाही. म्हणून लाइफ जॅकेट सगळ्यांनी, सगळ्या वेळी, सगळ्या कोटांच्या वर, आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा लावूनच घालायचं. कोटाच्या आत घातलेलं फुगतं तेव्हा छाती आवळतं. बोटीच्या कडेच्या अरुंद पट्टीवरून कुणी पुढे-मागे चालायचं नाही. तिथे दव गोठलेलं असतं. पुढे जायचं तर आतून जायचं. छपरावर बसून फोटो कालव्यात काढा.

जीन्स नको, भिजली की वाळत नाही. लोकरीचे पातळ थर, वर वारा अडवणारं. हातमोज्यांचे दोन जोड. सुकाणूवर अर्ध्या तासाच्या पाळ्या, आणि थंडी वाजत नाही म्हणणाऱ्यालाही वेळ झाली की आत पाठवायचं. स्वयंपाक निघण्याआधी उरकून घ्या. मूगडाळीची खिचडी जाड बुडाच्या भांड्यात झाकून शेगडीजवळ ठेवली तर दुपारपर्यंत गरम राहते, चहा थर्मासमध्ये. नदीवर असताना गॅस बंद. कोळशाची शेगडी मंद चालू द्या, पण खिडक्यांच्या वरच्या जाळ्या वाऱ्यासाठी बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून वाजतोय का पाहा. रात्री सगळे थकून, दारं घट्ट लावून झोपता, तेव्हा त्याची खरी गरज असते. दारू बोट बांधल्यानंतर. यावर मी चर्चा करत नाही.

आणि मित्रांचं. पाच मित्र असले की पाच कप्तान होतात. निघण्याआधी एकाला प्रमुख नेमा. बोट ज्याची आहे तोच असावा असं नाही, ज्याचं डोकं थंड राहतं तो. नदीवर त्याचं ऐकायचं, वाद संध्याकाळी. पण निघायचं की नाही, हा निर्णय त्याच्या एकट्याचा नको. माझ्या बोटीवरची पद्धत अशी की कुणीही एकानं ‘नको’ म्हटलं तर जायचं नाही, आणि त्याला कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की संकोचानं माणूस ‘काही नाही, चला’ म्हणतो. तुमच्यातला जो घाबरल्यावर गप्प होतो, त्याच्यासाठी हा नियम आहे.

तर माझं म्हणणं थोडक्यात पुन्हा: या सुटीत न्यूअर्क ते टॉर्क्सी आणि लिंकन एवढंच ठेवा. भांगाचे दिवस, हिरवी पट्टी आणि उजेड, हे तिन्ही जुळले तरच क्रॉमवेलच्या खाली उतरा. नाही जुळले तर न्यूअर्कलाच राहा. किल्ल्याखाली बोट बांधून चार दिवस छान जातात, आणि इंजिनाची, टाकीची सगळी कामं त्यातच उरकतील.

तुमच्या मित्राला तीन गोष्टी पाहून लिहायला सांगा: इंजिन कुठलं आणि किती तास चाललेलं आहे, स्किन टँकची लांबी-उंची किती आहे, आणि नांगर असेल तर त्याचं वजन. टाकीचं माप कळलं की नदीवर इंजिन किती फेऱ्यांवर ठेवायचं ते मी हिशोब करून सांगते. तोवर ट्रस्टची दुरुस्त्यांची यादी उघडा, विमा कंपनीला फोन करा, आणि कामावर सांगून 2 नंतरचे तीन दिवस रजेसाठी राखून ठेवता येतात का ते बघा.